खडवलीला जाणारी बॅटरी

आमच्याकडे गाडी होती त्या काळात आम्ही कुठेच जात नव्हतो.

यात तुम्हाला काही विचित्र वाटत असेल, तर तुम्ही डोंबिवलीत राहिलेले नाहीत. कोपरच्या आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं सतरा, गाड्या पाच आणि जागा तीन. कागदावर कुणाचीच जागा ठरलेली नव्हती. जो उभा, त्याची जागा, हा कायदा! मी सेकंडहँड गाडी घरी आणली त्या दिवशी योगायोगाने पाण्याच्या टाकीशेजारची, सावलीतली जागा रिकामी होती. तिथे गाडी लावली आणि तिथेच माझं गाडी चालवणं संपलं. कारण गाडी हलली रे हलली की तळमजल्यावरचे भोईर आपली जीप तिथे आणून लावणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. भोईर मूळचे इथलेच. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची (टाकीच्या जागी म्हणे भात व्हायचा), त्यामुळे ते घाई करत नसत. रोज सकाळी दात घासता घासता विचारायचे, "काय साहेब, आज तरी निंगताव का?"

"छे हो, आज जरा काम आहे," मी म्हणायचो आणि चालत स्टेशनला जायचो.

रविवारी मात्र गाडी सुरू करायची, असा नेम होता. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, म्हणून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. इंजिनचा आवाज आला की आई खाली यायची. पातळ बदलून, केसांना तेल लावून, हातात पर्स! मागच्या सीटवर बसायची, काच खाली करायची आणि म्हणायची, "हं, चल."

तिचं माहेर खडवलीचं. पूर्वी ती रेल्वेने महिन्याआड जाऊन यायची. मग गुडघ्यांनी स्टेशनचा पूल चढायला साफ नकार दिला, आणि चार वर्षं झाली तरी तिने ना भाऊ पाहिला होता ना भातसा नदी. मी गाडी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. आणि मी तिला काय दिलं? टाकीशेजारची पंधरा मिनिटं! पण ती तेवढ्यातही प्रवास उरकायची. डोळे मिटून सांगायची, "हे शहाड आलं. आंबिवली गेली वाटतं." बरोबर टिटवाळ्याला माझी पंधरा मिनिटं संपायची.

"राहू दे," आई पदर सावरत उतरायची. "गणपतीला तर जाऊन आलो."

मला तेव्हा ती गंमत वाटायची. हसायचोसुद्धा मी! आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

अशाच एका रविवारी गाडीने नुसतं 'कट्' केलं. पुन्हा 'कट्'. मग तेही नाही.

"काय झालं रे?" मागून आई.

"बॅटरी गेली."

"म्हणजे आज टिटवाळासुद्धा नाही?"

नवी बॅटरी घेणं हे साधं काम आहे, असं ज्यांना वाटतं ती माणसं सुखी असतात. मी तसा नाही. मी फूलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि दोन आठवडे डोंबिवली, कल्याण, ठाणे पालथं घातलं. डोंबिवलीच्या दुकानात जुनीच बॅटरी आतून दुरुस्त करून मिळत होती. स्वस्त! गॅरंटी सहा महिने, पण तोंडी. "कागद कशाला साहेब, मी इथंच असतो," असं दुकानदार म्हणाला आणि पुढच्या खेपेला गेलो तर दुकानाला कुलूप. कल्याणच्या शेठकडे तीन प्रकार निघाले. एक साधी, तिला महिन्याला पाणी घालायचं. एक मधली, तिला आठवण आली की घालायचं. आणि तिसरी महागातली, तिला पाणी नाही, काळजी नाही, चार वर्षांची लेखी वॉरंटी. "ही बसवा आणि विसरून जा," शेठ म्हणाले. ठाण्यात तर याहून भारी निघाली. ती परदेशी गाड्यांना लागते म्हणे. ती बघताना मी दुकानदाराला माझ्या गाडीचं नाव सांगितलं नाही, उगाच आपली शोभा.

रोज संध्याकाळी मी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरायचो.

"जी गाडी जागची हलत नाही तिला एवढी ताकद कशाला?" सुलभा, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"अगं, तिथेच तर मेख आहे! चालणारी गाडी बॅटरी भरत राहते. उभ्या गाडीचीच लवकर उतरते. म्हणून उभ्या गाडीला चांगली लागते."

"मग चालव की!"

बायकांना तांत्रिक गोष्टी समजत नाहीत, असं मी मनात म्हटलं. (मनातच. समोर लाटणं होतं.)

आई शेंगा सोलत होती. चष्मा वर करून तिने कागदाकडे पाहिलं. "यातली खडवलीला कुठली जाते?"

"आई, सगळ्याच जातात."

"मग तुझं इतके दिवस चाललंय काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नव्हता.

शेवटी कल्याणची महागातली घेतली. रिक्षातून मांडीवर घेऊन आलो, पहिलटकरणीला माहेरी नेतात तितक्या जपून. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी "सावकाश रे" म्हणत होतो. आता, नवी वस्तू घरात आली की पूजा ही व्हायलाच हवी. मिक्सरची झाली होती, गॅसच्या शेगडीची झाली होती, इस्त्रीचीसुद्धा झाली होती. बॅटरीने काय घोडं मारलं होतं? खाली टाकीजवळ पाट मांडला. पाटावर बॅटरी. सुलभाने हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, झेंडूची दोन फुलं ठेवली. पितळी ताम्हणात निरांजन, नारळ आणि खडीसाखर होती.

"ताम्हण कुठे ठेवू?" तिने विचारलं.

आणि मी, ज्याने दोन आठवडे बॅटरी या विषयाचा अभ्यास केला होता, ज्याला धन कुठलं आणि ऋण कुठलं हे झोपेतही सांगता आलं असतं, तो मी म्हणालो, "आण इकडे! वर चांगली सपाट जागा आहे." तिच्या हातातलं ताम्हण घेऊन मी ते बॅटरीच्या डोक्यावर, दोन्ही टर्मिनलांवर नीट टेकेल असं ठेवलं.

'तड्!' असा आवाज झाला. निळ्या ठिणग्या उडाल्या, निरांजन एकीकडे, नारळ दुसरीकडे, खडीसाखर सगळीकडे आणि मी थेट टाकीला टेकून उभा. ताम्हण जागेवरच चिकटलं होतं आणि फुरफुरत होतं. भोईर तोंडातला ब्रश तसाच ठेवून बांबू घेऊन धावले आणि एका फटक्यात त्यांनी ते उडवलं.



"प्रसन्न झाली वाटतं," आई म्हणाली.

ताम्हणाच्या बुडाला दोन भोकं पडली होती. बॅटरी गाडीला जोडून पाहिली, तर किल्ली फिरवल्यावर समोरचा लाल दिवा जेमतेम मिणमिणायचा. इंजिन फिरवायची ताकद कुठली! मी शेठना फोन लावला.

"वॉरंटी आहे ना चार वर्षांची?"

"आहे ना. काय झालं तिला?"

"पूजा झाली."

मी सगळं सांगितल्यावर शेठ म्हणाले, "साहेब, वीस वर्षं धंद्यात आहे. पूजेने गेलेली बॅटरी पहिल्यांदा ऐकतोय. वॉरंटी नाय लागणार. एक करा, धक्का मारून गाडी चालू करा, आणि तासभर बंद न करता फिरवा. भरली तर भरली."

धक्का मारायला भोईर एकदम तयार! त्यांच्याइतका उत्साह मी कुणात पाहिलेला नाही. त्यांनी हाका मारून चार माणसं जमवली, गाडी फाटकाबाहेर ढकलली, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन धडधडलं. आनंदाने मागे वळून पाहिलं, तर जागेवर जीप उभी. भोईर तिच्यातून उतरून हात हलवत होते, "जा साहेब, बिनघोर जा!"

परतीचे दोर कापले गेले होते. आणि मागच्या सीटवर, पातळ बदलून, पर्स मांडीवर घेऊन आई बसलेली होती. ती कधी बसली ते मला आजही कळलेलं नाही.

"तासभरच फिरवायची ना?" ती म्हणाली. "खडवली तासात येते."

सुलभा दाराला कुलूप लावून पुढे येऊन बसली.

त्या तासाबद्दल काय सांगू! कल्याणच्या गर्दीत सिग्नलला मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही; लोक वळून वळून बघत होते. गाडी बंद पडली तर? एवढंच माझ्या डोक्यात. आई मात्र या वेळी डोळे उघडे ठेवून बसली होती. टिटवाळा मागे पडलं तेव्हा ती पुढे सरकून माझ्या सीटला धरून बसली.

दत्तूमामा अंगणात भाताच्या गोणीला टाके घालत होता. गाडी थांबली, आई उतरली, आणि तो सुई हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"अक्का?"

"हो रे. तू किती वाळलास!"

दोघं एकमेकांचे हात धरून उभे, आणि मी गाडीतून ओरडतोय, "आई, पाच मिनिटं! पाणी पी, नमस्कार कर, निघू! इंजिन चालू आहे!"

"अरे उतर तरी, जावईबापूसारखा बसलायस काय!" मामी म्हणाली.

"नको मामी! बंद पडली तर सुरू होणार नाही!"

मामीने चहा खिडकीतून दिला. मामाने तांदळाची गोणी आणली, "अक्कासाठी," आणि ती डिकीत ठेवायला मला उतरावंच लागलं. इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, पळत मागे गेलो. गोणी आत लोटली आणि त्याच क्षणी इंजिन थांबलं.

धावत आलो. आई पुढच्या खिडकीत वाकलेली होती.

"पर्स राहिली होती," ती म्हणाली. "काय रे, बंद पडली?"

"पडली!"

"अरेरे."

त्या दिवशी खडवलीतल्या आठ-नऊ जणांनी आमची गाडी नदीच्या रस्त्यावर तीनदा नेली आणि तीनदा आणली. मी आत बसून क्लच सोडतोय, गाडी आचके देतेय, सुरू होत नाही. समोरचा दिवा मिणमिणतसुद्धा नव्हता. मी बॉनेट उघडून सगळ्यांना व्याख्यान दिलं: प्लेटा वितळल्या असणार, आतली जोडणी तुटली असणार, साधी घेतली असती तर कदाचित तगली असती, ठाण्याची घेतली असती तर नक्कीच. लोक आदराने ऐकत होते. शेवटी मामा म्हणाला, "उद्या टिटवाळ्याहून मेकॅनिक बोलावू. आज राहा."

उद्याचा परवा झाला. मेकॅनिकला दुसरं काम होतं.

ते दोन दिवस आई माझी आई नव्हती, दत्तूमामाची बहीण होती. घाटाच्या पायरीवर बसून तिने भातसेत पाय सोडले आणि संध्याकाळपर्यंत काढले नाहीत. दोघं लहानपणीच्या भांडणांवरून नव्याने भांडली. मामीने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या तिने तीन खाल्ल्या (घरी अर्धी!). मी ऑफिसच्या रजेची चिंता करत गाडीभोवती घिरट्या घालत होतो. एकदाही तिच्या शेजारी, त्या पायरीवर जाऊन बसलो नाही. ती जागा तर रिकामी होती.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मी त्याला सगळा इतिहास सांगितला. त्याने ऐकून घेतला, आत बसला, एकदा खाली वाकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, किल्ली बंद आहे."

त्याने ती फिरवली. लाल दिवा लागला, चांगला ठसठशीत; शेठ म्हणाले होते तशी बॅटरी त्या तासाभरात थोडी भरली होती. दोघांनी ढकललं आणि वीस पावलांत गाडी सुरू झाली. आठ-नऊ माणसांनी किल्ली बंद असलेली गाडी दिवसभर ढकलली होती, आणि आत बॅटरीतज्ज्ञ बसला होता!

मी हळूच मागे पाहिलं. आई मामीने दिलेल्या लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होती.

"आई, तू बंद केलीस?"

"मग काय करणार?" ती गाठ मारत म्हणाली. "तू थांबला असतास का?"

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दत्तूमामाही नाही. माझी आताची गाडी चांगली आहे, तिच्यात बाजारातली सगळ्यात महागातली बॅटरी आहे आणि ती एकदाही बंद पडलेली नाही. नाशिकला जाताना खडवलीचा फाटा लागतो. दर वेळी ठरवतो की आज वळायचं, तासभर त्या पायरीवर बसायचं. फाटा जवळ येतो, मी गाडी हळू करतो, शेजारच्या सीटकडे बघतो. किल्लीकडे कोणाचा हात जात नाही. आणि मी, साठी उलटलेला शहाणा माणूस, अजून आपण होऊन थांबायला न शिकलेला, सरळ नाशिकला जातो.