देवाच्या ओळीनं दोनशे पहिलवान बाद केले

माझं नाक डावीकडं वाकलंय ते एका कोऱ्या ओळीमुळं. लोकांना मी सांगतो, बैलानं मारलं. ओळीनं मारलं म्हटलं की लोक पाणी आणून देतात.

अकोल्यात कुस्त्यांची दंगल होती. तेल्हाऱ्यापासून धारणीपर्यंतचे दोनशे पहिलवान आलेले; एकेकाची मान अशी की टॉवेल गुंडाळायला दोन माणसं लागावीत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. खांदा निखळल्यामुळं दोन वर्षं तो आखाड्यात उतरला नव्हता. डॉक्टरनं एकाच कुस्तीची परवानगी दिली होती, ती ही. त्यानंतर लंगोट कायमचा खुंटीवर.

मी अमरावतीत संगणकाचं काम करतो, म्हणून पहिलवानांची यादी माझ्या गळ्यात. गेल्या साली पंचाचा कान चावणाऱ्या सात जणांवर बंदी होती. (पंच एक, कान दोन, चावणारे सात, रांग लागली होती.) ती सात नावं दंगल भरवणाऱ्या वस्तादांनी मोबाइलवर टाइप करून पाठवली. रेगेक्स म्हणजे नमुन्यावरून मजकूर हुडकणारं औजार; त्याला ओळीला एक नमुना अशी फाइल द्यायची. नमुना ज्या नावात सापडेल ते नाव यादीतून उडतं. मी बटण दाबलं आणि उरलेली यादी न बघताच मोठ्या पडद्यावर लावली.

पडदा कोरा. दोनशेच्या दोनशे बाद.

पहिली खुर्ची माझ्या कानाजवळून मोर्शीच्या दिशेनं गेली. अजून खाली आली असेल असं वाटत नाही. मग मंडपाचे बांबू निघाले. कोणाचे दात पडले, कोणाचं डोकं फुटलं, आणि दोघं तर एकमेकांना ओळखत नसताना एकमेकांच्या पोटावर बसले होते.

“आमचे नावं कुठं गेले बे?” म्हणत एकानं मला गचांडी धरून वीतभर वर उचललं. लटकता लटकताच मी वस्तादांची फाइल उघडली.

“वस्ताद, पहिली ओळ कोरी कावून?”

“पहिली ओळ देवाची असते. कागदावर श्री लिवतो मी. पण मोबाइल तं मानूस संडासात नेते. त्याच्यात देवाचं नाव कसं लिवू? जागा सोडली.”

घ्या! कोरा नमुना कोणत्या नावात सापडतो? सगळ्याच. कोणत्याही दोन अक्षरांच्या मध्ये काहीच नसतं, आणि औजार ते काहीच-नाही बरोबर हुडकून काढतं. माझं म्हणणं असं, की औजारानं तिथंच थांबून विचारावं, ‘भाऊ, काहीच नाही म्हणजे सगळे, का कोणीच नाही?’ पण नाही. ते विचारत नाही, छाटतं.

“पुसून टाकतो ते ओळ.”

“हात तोडीन! देवाची जागा हाये ते.”

मग मी हुशारी केली. “लॅपटॉप संडासात जात नाही, वस्ताद,” म्हणून त्या ओळीत श्री लिहिलं. नावं पडद्यावर परत आली. मारामारी थांबली, माझे पाय जमिनीला लागले. तेवढ्यात मागून कॉलर ओढली गेली.

“दादा, माहं नाव?”

भावाचं नाव श्रीनं सुरू होतं. श्रीनं सुरू होणारी चारही नावं उडाली होती.

“तूच काढलं ना? आईनं सांगतलं ना तुले, याले खेळू देऊ नको म्हनून?”

सांगितलं होतं. म्हणूनच उत्तर द्यायला मला अर्धा क्षण उशीर झाला. त्या अर्ध्या क्षणात ठोसा आला. नाकाचा आवाज कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडल्यासारखा झाला.

कीबोर्डवर रक्त ठिबकत असताना मी श्री पुसलं, जागा कोरी ठेवली आणि औजाराला बजावलं: कोरी ओळ दिसली की ओलांडून पुढं जा. देव जागेवर राहिला, यादीतून फक्त सात गेले.

भावानं समोरचा गडी सव्वा मिनिटात चित केला आणि त्याच दणक्यात स्वतःचा खांदा पुन्हा निखळवून घेतला. दवाखान्यात एकाच बाकावर आम्ही दोघं.

“दुखते का रे दादा?”

“नाही बे. तुले?”

“जराकसं बी नाही.” हे म्हणताना त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि गडी हसत होता.

आई आली. आधी त्याचा खांदा बघितला, मग माझं नाक.

“तू तं म्हनला होता, नाव काढतो म्हनून?”

“काढलं होतं आई, दोन डाव काढलं,” मी म्हणालो. खोटं एक अक्षर नव्हतं. तरी तिनं धड उरलेल्या गालावर ठेवून दिलीच.