पायांशी ठेवलेली रोपं

मीरा, अर्णव, तुमच्या या आजीची मैत्रीण, तुमची कुसुमआजी गेली. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. "बाई, आई झोपेतच गेल्या..." एवढंच ती बोलू शकली. मी गॅस बंद केला. आता महिना उलटला. तिच्याविषयी लिहायला बसले की फेब्रुवारीतला एकच दिवस पुढे येतो.

कुसुमचं शेत दिंडोरीच्या वाटेवर. तिच्या विलासला मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हापासूनची आमची मैत्री. तरी ती मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाली. त्या हिवाळ्यात विलासने जुनी द्राक्षबाग तोडली. पाऊस बेभरवशाचा, मजूर मिळत नाहीत. जागा गोदामाला द्यावी असं त्याच्या मनात होतं. कुसुम त्यावर काहीच बोलेना, आणि तिचं न बोलणं मला बरं वाटेना. म्हणून मी आणि आमची मैत्रीण सुधा, दोघींनी तिला घेऊन सहल ठरवली. आधी वायनरी, मग वणीत जेवण, पिंपळगावावरून परत. मी वेळापत्रक टाइप करून प्रत्येकीला प्रत दिली. तारीख मीच काढलेली, आणि नेमकी संकष्टी निघाली.

वायनरीत सुधा पेला हातात धरून अडली. "अगं, माझा उपास..."

"द्राक्षं चालत्यात ना उपासाला? मग घे की!" म्हणत कुसुमने स्वतः एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "जल्मभर आम्ही द्राक्ष गोड करायला मेलो, आन् ह्यांनी पार आंबट करून ठेवलं!"

वाइन ओतणारी मुलगीसुद्धा हसली. मग कुसुम बाहेर बागेत गेली, ती तासभर परतलीच नाही. माझं वेळापत्रक तिथेच कोलमडलं.

पिंपळगावजवळ तिने रोपवाटिकेपाशी गाडी थांबवायला लावली आणि चाळीस खुंटरोपं घेतली. ही रानद्राक्षाची रोपं. पावसाळा सरता सरता त्यांच्यावर हव्या त्या जातीचं कलम करतात. डिकी भरली, उरलेल्या पिशव्या आमच्या पायांशी आल्या.

"कुसुम, फळ धरायला दोन वर्षं तरी लागतील," मी म्हटलं. तिचं वय बहात्तर. पुढचं वाक्य मी गिळलं.

"मला कुठं खायचीत, बाई? पन मी लावलेलं विलास उपटायचा नाय..."

परतताना शहरातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत आम्ही तिघी गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. "चंद्रोदयाला तरी घरी पोचू ना?" सुधा कुरकुरत होती.

कुसुमने रिकाम्या शेतात दोन ओळींत रोपं लावली, तेव्हा विलास चिडला. "आई, दोन ओळींची कुठे बाग असते का?" पण पाणी त्यानेच दिलं. भादव्यात कलमं केली. त्यांना फुटलेली कोवळी पानं कुसुमने पाहिली.

मागच्या आठवड्यात मी शेतावर गेले. प्रत्येक वेल कुसुमने आपल्या जुन्या पातळाच्या चिंधीने बांबूला बांधलेली होती. खोडं जाड झाल्यामुळे गाठी काचू लागल्या होत्या. मनीषाने नवी सुतळी आणली होती. विलासने ती घेतली नाही. तो एकेका वेलीपाशी उकिडवा बसून गाठ सोडायचा, आणि तीच चिंधी थोडी सैल करून पुन्हा बांधायचा.

"बाई, उरलेल्या जागेतही रोपांसाठी खड्डे घेतोय," तो मान वर न करता म्हणाला.

मी सुतळीचा गुंडा मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिले. त्याची गरज पडली नाही.