साडेसहा हजार किलोमीटर गेले कुठे?

टेपमास्तरांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. का असावा? त्यांच्या धाकट्या भावाला एका एजंटाने कारखान्यात लावतो म्हणून नेलं आणि खाणीवर सोडलं. दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. असं पोळलेल्या शिंप्याला लोक संशयी म्हणून हसतात. हसणाऱ्यांचं काय जातं?

आता त्यांची थोरली लेक, शिकलेली नर्स, सातासमुद्रापार इस्पितळात नोकरीला निघाली होती. विमान परवा. पासपोर्ट मात्र मास्तरांच्या कात्र्यांच्या खणात, कुलपात.

कारण एजंटाचा कागद. त्यावर लिहिलं होतं: अंतर बारा हजार किलोमीटर, प्रवास चौदा तास. मास्तरांनी दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली, एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत, सुरकुती न पडू देता. कोपऱ्यातल्या मापावरून हिशेब केला. साडेअठरा हजार. पुन्हा मोजलं, तेवढंच. जो आणलेल्या कापडाचं माप कमी सांगतो तो उरलेलं मारतो, हे त्यांना तीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. म्हणजे पोरीला भलतीकडेच, कुठेतरी अलीकडे उतरवणार.

थोरलीने समजावलं की विमान तसं सरळ जात नाही, वरून वळसा घेतं. मास्तर म्हणाले, वळसा घेऊन वाट कमी होते, हे तुला त्या एजंटानेच पढवलं असेल. ती रडकुंडीला आली.

काजं-बटणं करणाऱ्या बायकोने सुई खोचून ठेवली. ती उठली, शेजारच्या मास्तरीणबाईंकडून पृथ्वीचा गोल मागून आणला आणि शिलाई मशिनवर आदळला.

"अहो, इतक्या ढेरपोट्यांचे सदरे शिवलेत. कुणाचं पोट भिंतीला लावून मोजलंत का कधी?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी गोलाची कंबर मोजली: चोवीस इंच. म्हणजे पृथ्वीचे चाळीस हजार किलोमीटर. मग दोन शहरांवर टेप ठेवून ताणली. ती आपोआप वर सरकली, थेट बर्फाच्या टोपीजवळून गेली. सव्वासात इंच. बारा हजारांना चिकटून.

त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. बायकोला वाटलं, सुटलो.

"पृथ्वी खरी निघाली," ते म्हणाले, "म्हणून एजंट खरा ठरत नाही. इस्पितळाला फोन लाव. त्याने दिलेला नंबर नको, तू स्वतः शोध."

थोरलीने शोधला, लावला, आवाज मोठा ठेवला. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, यादी चाळली, हिचा वॉर्ड आणि रुजू व्हायची तारीख सांगितली. मास्तरांनी मधेच विचारायला लावलं, तिथे आत्ता किती वाजलेत? सकाळचे साडेसात, उत्तर आलं. इथे दिवेलागण झाली होती. मास्तरांनी बोटांवर तास मोजले, जवळजवळ अर्ध्या दिवसाचा फरक, म्हणजे फोन खरंच पृथ्वीच्या पलीकडे लागला होता, आणि मान डोलावली.

मग त्यांनी खण उघडला. पासपोर्ट तिच्या हातात दिला, पण आपलं टोक सोडलं नाही.

"उतरल्यावर फोन कर. एजंटाच्या माणसाच्या फोनवरून नको. झाडूवालीचा माग, पण तिथल्याच कुणाचातरी."

तिने हो म्हटल्यावर त्यांनी बोटं सैल केली.