नानांचं गणित, चुकीसकट

काकींचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या चौकात कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते. "पोरी, नाना गेले गं. सकाळी चहा घेतला, ओसरीवर टेकले, आनि…" पुढचं त्यांना बोलवेना. मागून टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आमचा ड्रायव्हर हिंदीत त्याचा उद्धार करत होता, आणि माझ्या डोक्यात एकच… सांगायचं राहिलं. दोन वर्षं मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले आणि माणूस गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. राहिलेलं सांगायलाच हे लिहायला बसले आहे. पण आधी नाना कोण ते सांगते, नाहीतर आई म्हणते तसं व्हायचं, की हिची गोष्ट नेहमी शेपटापासून सुरू होते.

नाना म्हणजे बबनराव टेमघरे, कोळवणचे, आणि काकी त्यांची बायको. घरची भातशेती. तरुणपणी ते पिरंगुटकडच्या एका कारखान्यात वायरी जोडायला लागले. तिथं धान्यातला ओलावा मोजायची यंत्रं बनायची. भात फार ओलं राहिलं तर साठवणीत बुरशी धरतं, फार वाळलं तर गिरणीत त्याची कणी होते, म्हणून ओलावा नेमका कळावा लागतो. नाना वायरी जोडता जोडता तिथल्या कॉम्प्युटरवर सी ही भाषा शिकले आणि यंत्राच्या पोटातलं गणित त्यांनी स्वतः लिहिलं. मी परभणीची. जावास्क्रिप्ट लिहिते, म्हणजे ब्राउझरमध्ये जे हलतं-डुलतं दिसतं ते आमचं काम. त्या कारखान्याला यंत्राचे आकडे शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दाखवायचे होते आणि ते काम आमच्या कंपनीकडे, तिथून माझ्या गळ्यात आलं. त्याआधी तीन महिने मी बिनकामाची बसून होते. हेही जमलं नाही तर घरी जा, असं मॅनेजरनं गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि परभणीत वडिलांनी तर अख्ख्या गल्लीत पेढे वाटून ठेवले होते!

मी शहाणी. नानांचं सगळं सी मी जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहून काढलं. आकडे जुळेनात. वाळलेल्या भाताला ठीक, ओल्या इंद्रायणीला साफ चूक. पंधरा दिवस डोकं फोडून घेतलं, शेवटी कारखान्यातलं कुणीतरी म्हणालं, ज्यानं लिहिलंय तो म्हातारा कोळवणला असतो, त्यालाच विचारा. एसटीनं गेले. अंगणात भात पसरलेलं, नाना पायानं ते चाळवत होते. मी लॅपटॉप उघडून ऐटीत म्हटलं, "नाना, तुमच्या कोडमध्ये एक चूक होती, ती मी दुरुस्त केली." सात भागिले दोन केलं की सी म्हणतं तीन, पूर्णांकातला उरलेला अर्धा ते सरळ टाकून देतं. जावास्क्रिप्ट म्हणतं साडेतीन. मला वाटलं, बिचाऱ्याच्या लक्षात आलं नसेल.

"चूक हाय ती. मला ठावं न्हाई व्हय?" नाना हसले. "पर कळंपत्तोर लई उशीर झाला हुता. एकेका जातीचं भात भट्टीत वाळवून, तोलून, तक्ता बसवला हुता मी. त्यो तक्ता ह्या चुकीसकट खरा हाय. तू चूक काडलीस, आता तक्ता खोटा झाला." मग रडकुंडीला येऊन म्हटलं, आता मी काय करू? ते म्हणाले, "त्याला हात लावू नगंस. जसं हाय तसं कंपाइल कर, आनि तुज्या भाषेतनं त्याला नुसती हाक मार."

असं करता येतं हे मी कुठंतरी वाचलं होतं, केलं मात्र कधी नव्हतं. सी कंपाइल करून ब्राउझरला चालेल अशा रूपात आणायचं, आणि जावास्क्रिप्टमधून त्यातलं फंक्शन, म्हणजे गणिताचा हवा तो तुकडा, नावानं बोलवायचं, आमच्या भाषेत कॉल करायचं. त्यात गंमत अशी, की सीचं घर वेगळं, आमचं वेगळं. आपली आकड्यांची यादी त्याच्या हातात थेट देता येत नाही. आधी त्याच्या घरात जागा मागायची, तिथं आकडे नेऊन ठेवायचे, आणि मग कुठे ठेवलेत आणि किती आहेत तेवढं फंक्शनला सांगायचं. नानांना जावास्क्रिप्टचं ओ का ठो माहीत नव्हतं, पण पलीकडचं घर त्यांना पाठ होतं. तीन रविवार मी ओसरीवर बसले. काकी भाकरी थापायच्या आणि मधूनच विचारायच्या, "तुमचं कॉल करनं झालं का? फोन तर कुनी उचलंना!"

तिसऱ्या रविवारी आकडे जुळले. दशांशापर्यंत! मी अंगणात उड्या मारल्या, नानांनी फक्त टोपी काढून परत घातली. निघताना काकींनी स्टीलच्या डब्यात नवे तांदूळ दिले.

पुढच्याच आठवड्यात नानांचा फोन. मोबाइलवर सकाळी लावलेलं आकड्यांचं पान दुपारी गपगार पडतंय. गेले, बघितलं, काही कळेना. नाना मिशीत हसत म्हणाले, "जागा मागतीस, ती परत करतीस का?" आणि मी कपाळावर हात मारला. आमच्या जावास्क्रिप्टमध्ये वापरलेलं कुणी परत करत नाही, मागून झाडून घेणारी सोय असते. सीच्या घरात तसलं कुणी नसतं. दर आकड्याला मी जागा मागत होते आणि तशीच सोडून येत होते, दुपारपर्यंत घर गच्च भरायचं. "तुमाला मागून झाडायला मानूस लागतंय व्हय?" असं म्हणून नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकी आतून म्हणाल्या, "तिला डब्याचंबी इचारा." डबा माझ्या खोलीवरच होता. काकींच्या घरी डबा रिकामा परत करत नाहीत, आणि आत काय घालावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून तो राहिला. असं मी म्हणायचे.

आता ते राहिलेलं. कामाचं सादरीकरण झालं तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, नव्यानं न लिहिता जुनंच बोलवायचं ही कल्पना कुणाची? मी म्हटलं, माझी. एक शब्द… नोकरी वाचली, पगारही वाढला. पानाच्या तळाशी काम करणाऱ्यांची नावं आली, त्यात नानांचं नव्हतं. त्यानंतरही मी कोळवणला जात राहिले, जेवून येत राहिले, आणि दर खेपेला शब्द ओठांपर्यंत येऊन परत जायचा. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

तेरावा झाल्यावर गेले. आईनं पाठवलेली कारळाची चटणी त्या डब्यात भरून नेली. काकींपाशी बसून सगळं बोलून टाकलं. त्या पदरानं डबा पुसत ऐकत होत्या. "त्यांना ठावं हुतं," म्हणाल्या. "रोज उगडून बगायचे ना ते पान. मी म्हनलं, तुमचं नाव कुटं दिसंना? तर म्हनले, पोरीला भ्या असंल नोकरीचं. सवडीनं लिहील." मला रडू आवरेना. काकींनीच पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅनेजरला खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, नाव घाल. जावास्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहून भागलं असतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सी लिहिलं, नानांच्याच फाइलमध्ये, त्यांच्या गणिताच्या खाली. दोन ओळींचं फंक्शन, नाव सांगणारं. तेही सरळ नाव देत नाही, नाव कुठे ठेवलंय तेवढं सांगतं, मग तिथं जाऊन एकेक अक्षर वाचून आणावं लागतं. सवयीनं मी जागा परत करायची ओळ लिहायला गेले आणि थांबले. असं आधीच लिहून ठेवलेलं नाव परत करायचं नसतं, पान उघडं आहे तोवर ते तिथंच असतं. हे नानांनीच शिकवलं होतं… नाना, फार दिलंत हो मला.

गेल्या रविवारी काकींना नानांच्याच मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. "ओ-ला-व्या-चं ग-णि-त. ब-ब-न-राव…" बोट तिथंच राहिलं. मग म्हणाल्या, "ह्ये आता कुनी पुसनार न्हाई ना?"

"मी आहे तोवर नाही, काकी."

"मग झालं." त्या उठल्या, फडताळातून तो डबा काढला, तांदळानं काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "परत आनून द्यायचा बरं का," म्हणाल्या.