दुसरा डबा

सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत सकाळी कुणाच्या घरून किती डबे बाहेर पडतात, यावर त्या घराची पत ठरायची. सरलाबाईंच्या घरून कितीतरी वर्षं एकच डबा निघायचा, निंबाभाऊंचा. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर दोन निघायला लागले आणि गल्लीने धरून चाललं की त्यांचा योगराज नोकरीला लागला.

तो लागला नव्हता. मला हे ठाऊक होतं, कारण त्यांची आमची भिंत एकच होती आणि तीही एका विटेची.

सरलाबाई अमळनेरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा निंबाभाऊ पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या मशिनीवर होते. नखं कधी जांभळी, कधी पोपटी. यंदा बाजारात कुठला रंग चालतोय ते मला यांच्या नखांवरून कळतं, असं सरलाबाई म्हणायच्या. माणूस चौथी शिकलेला, पण परमनंट. हा शब्द त्या ‘पाटील’ किंवा ‘मास्तर’ म्हणावं तसा उच्चारायच्या. त्या शब्दावर खोलीचा पत्रा जाऊन स्लॅब पडला, दोन मुलींची लग्नं झाली आणि योगराज बी.कॉम.पर्यंत शिकला. आमच्या गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट.

निंबाभाऊंना नोकरी कशी लागली, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतकेदा ऐकली होती की मधेच अडखळले तर मी पुढची सांगितली असती. अडुसष्ट साली ते पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिलच्या गेटासमोर जाऊन उभे राहिले. तीसेक पोरं उभी होती. मुकादम बाहेर आला आणि ज्यांच्या हातात भाकरीचं फडकं होतं तेवढी चार जणं घेऊन आत गेला. डबा नसलेला माणूस दुपारी जेवायला घरी जातो, आणि गेलेला परत येईलच असं नाही, हा त्याचा हिशेब. निंबाभाऊ सहा महिने बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवसापुरते, राहिले, मग पक्कं कार्ड मिळालं. शिक्षणाचं कुणी विचारलंही नाही.

योगराजला मात्र सगळीकडे विचारलं गेलं. हजीऱ्याच्या नव्या कारखान्यांत आय.टी.आय. मागत. कापड मार्केटात हिशेबाचं नामं लिहायला शेठच्या गावचा माणूस लागे. रोजगार कचेरीत नाव नोंदवून दीड वर्ष झालं होतं. दोन मुलांच्या शिकवण्या होत्या, त्यातला एक नापास झाल्यावर दुसराही गेला. शेवटी निंबाभाऊंनी आपलं खात्रीचं औषध काढलं. डबा घे आणि माझ्या मिलच्या गेटावर उभा राहा. आज नाही तर महिन्याने, मुकादमाची नजर पडेलच.

घाईला कारण होतं. उधन्याच्या सुकलालभाऊंनी आपल्या भाचीचं स्थळ आणलं होतं, दोंडाईचाची मुलगी, दहावी झालेली. सरलाबाईंना ती फोटोतच पसंत पडली होती. मुलीकडच्यांची अट एकच, मुलगा कामाला हवा. चैत्रात ते बघायला येणार होते. तोवर योगराज लागला तर सून घरात, नाही तर फोटो परत.

तीन आठवडे तो खरोखर उभा राहिला. निंबाभाऊ पहिल्या भोंग्याला आत जायचे, हा तासाभराने पोचायचा. मुकादम कधी बाहेर आलाच नाही. मग एक दिवस गल्लीमागच्या पुष्पाबाईंनी त्याला गुजरातीतली एक चिठ्ठी वाचायला बोलावलं. पुष्पाबाई मार्केटातून साड्यांचे गठ्ठे आणायच्या आणि पाच बायका बसवून त्यांवर टिकल्या चिकटवून घ्यायच्या. चिठ्ठी वाचता वाचता योगराज बसला, आणि बसल्या बसल्या त्याने एक पदर पुरा केला. हात असा सुबक की टिकल्यांच्या रांगोळीत पुष्पाबाईंना खोट काढता येईना. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि गल्लीला वळसा घालून तिथे जायचा.

सरलाबाईंना डब्याच्या कडीला वाळलेल्या गमाच्या, म्हणजे डिंकाच्या, डागावरून संशय आला. त्या माग काढत गेल्या, खिडकीतून बघितलं आणि तशाच परत फिरल्या. घरी कुणाला बोलल्या नाहीत. पुष्पाबाईंना मात्र सांगून आल्या की पुढचं दार लावून घेत जा, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन भाकरी जास्त घालायला लागल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “तिथं पाच बाया. एकटा खाईन कसा तो?”

मीही दुपारी तिथे जाऊन बसायची. अजून डोळ्यांसमोर आहे ते. दार बंद, म्हणून ट्यूबलाइट लावलेली, पंखा बंद, कारण वाऱ्याने टिकल्या उडत. सगळ्यांच्या गालांवर चमचम. आणि मधे मांडी घालून बसलेला योगराज, बोटाच्या टोकावर एकेक टिकली उचलत बायकांना पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवणारा. ज्या राशीचं वाईट निघे तिचं तो मनाचं सांगायचा. वृश्चिकेच्या उषाबाईंना चार महिने परदेशगमन होतं. त्या रोज विचारायच्या, “भाऊ, आज तरी निघू का मी?” इतकं हसू त्या खोलीत होतं. पण दाराची कडी वाजली की तो आधी साडीखाली हात लपवायचा, मग बघायचा कोण आहे.

चैत्रात, पाहुणे यायच्या आदल्या गुरुवारी, मिलचा बॉयलर बंद पडला आणि निंबाभाऊंना भरदुपारी सुट्टी मिळाली. बाहेर पडल्यावर त्यांनी गेटासमोर मुलाला शोधलं. दिसला नाही. वॉचमनला विचारलं तर तो त्यांच्याकडे बघतच राहिला. गेटावरची भरती दोन वर्षांपासून बंद होती. सकाळी जी पोरं तिथे उभी दिसत ती ठेकेदाराची, हजेरी द्यायला थांबलेली. त्यांना कार्ड नव्हतं, रजा नव्हती, नको तेव्हा उद्यापासून येऊ नका. निंबाभाऊंना वाटायचं, कापडाच्या घड्या घालणाऱ्या खात्यातली ती पोरं बदलीवर आहेत, आपल्यासारखीच सहा महिन्यांनी पक्की होतील. त्यांच्या रंगखात्यात सगळे जुनेच होते. कुणी नवं आलंच नाही, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

“काका, तुम्ही रोज ह्याच गेटमधनं आत जाता ना?” वॉचमनने विचारलं म्हणे.

घरी येऊन त्यांनी सरलाबाईंना फक्त एवढंच विचारलं की पोरगा कुठे आहे.  त्या पुढे, ते मागे, असे दोघं पुष्पाबाईंकडे गेले. त्या दिवशी मी तिथेच होते. योगराजला हात लपवायलाही वेळ मिळाला नाही. बायकांनी पदर सावरले. निंबाभाऊ उंबऱ्यातच उभे राहिले. साडीकडे बघितलं, मुलाच्या बोटांकडे बघितलं.

“जेवना का रे?” जेवलास का, एवढंच त्यांनी विचारलं.

“हो, आबा.”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

रविवारी पाहुणे आले. सरलाबाईंनी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पोरगा रोज डबा घेऊन जातो. यात खोटं काही नव्हतं. पुढचं पाहुण्यांनी समजून घ्यावं. त्यांनी पोहे दिले, चहा दिला, आणि मुलीच्या वडिलांनी विचारलं की मुलगा तुमच्याच मिलमध्ये का. सरलाबाईंनी तोंड उघडलं, तोवर निंबाभाऊ आपल्या अहिराणीत बोलून गेले.

“मिलमध्ये मी शे. त्यानासाठे तठे जागा नही. मना पोऱ्या साड्यासले टिकल्या लावस. मी चौथी शिकेल, परमनंट. तो बी.कॉम. शे, अन गल्लीमा बसीसन काम करस. तुम्हले पटत व्हई तर बोला.”

भिंतीपलीकडे मी हातातली परात खाली ठेवली. मुलीचे वडील भले होते. त्यांनी चहा संपवला, योगराजच्या शिक्षणाचं कौतुक केलं आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. पंधरा दिवसांनी सुकलालभाऊ निरोप घेऊन आले. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, वडील तर फारच चांगले आहेत. फोटो परत द्या.

सरलाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या ते मला भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. “पंचवीस वरीसमा खरं बोलाले तुमले तोच दिन सापडना का?”  आता गल्लीत लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा सरलाबाईंनीच एक गठ्ठा घरी आणला आणि योगराजला बसायला ओट्यावर सतरंजी टाकली. येणारे जाणारे बघत, दोन दिवस कुजबुजले, मग पाणी प्यायला थांबायला लागले.

मिलच्या सुट्टीच्या एका दुपारी निंबाभाऊ येऊन सतरंजीच्या कडेला बसले.  मग एक टिकली उचलायला गेले. त्यांची बोटं मशिनीवर वाढलेली, जाड. टिकली नखाला चिकटली ती सुटेचना. योगराजने त्यांचं मनगट धरलं आणि बोटाला किती गम लावायचा, दाबायचं कसं, ते हळूहळू दाखवलं. दुपारभरात त्यांच्या चार टिकल्या लागल्या, त्यातल्या तीन वाकड्या.

“परमनंट माणूसले जमत नही ते,” सरलाबाई म्हणाल्या.

“शिकू दे ना, माय,” योगराज म्हणाला, आणि वाकड्या तीन काढून त्याने वडिलांपुढे पुन्हा तीन ठेवल्या.