पहिलं परत आलेलं मशीन

भिंतीत ओल कधी शिरली ते कळत नाही. एक दिवस कपाट सरकवावं, तर मागे परातीएवढा काळा डाग. किश्श्यांचंही तसंच आहे. लोकांच्या भिंतींना भोकं पाडायचं काम मी सहा वर्षं करतोय. चपला बाहेर ठेवायच्या, भोक पाडायचं, धूळ पुसायची, निघायचं. किस्से गोळा करायला कोणी गेलं नव्हतं. परवा टपरीवर चहा पिताना विलासनं एक आठवण काढली आणि कपाट सरकलं.

विलास आमचा फिटर. वर्ध्याकडचा, चाळिशीचा, तोंडानं तिखट. मी लोटन. मूळचा साक्रीकडचा, शाळेचं तोंड पाहिलं नाही, जन्म इकडे गुजराती मुलखात, लिंबायतला कापडाच्या लूमवर गेला. गुडघे बस म्हणाले तेव्हा नरेशभाई सेठनी मला भोकांच्या कामाला घेतलं. म्हणाले, "काका, तुम्हाला घाई नसते. भिंतीला असाच माणूस लागतो."

सेठ हवेचं मशीन बसवतात. एसीच्या घरात खिडक्या कायम बंद. आंघोळीची वाफ, कुकरची वाफ, पावसाळ्यात आत वाळत घातलेले कपडे, माणसांचे श्वास, सगळं आतच राहतं आणि भिंतीला बुरशी धरते. हे मशीन एका भोकातून शिळी हवा बाहेर टाकतं, दुसऱ्यातून ताजी आत घेतं. मध्ये पापडांच्या चळतीसारखा एक ठोकळा असतो. दोन्ही हवा त्यातून जातात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. मी गिऱ्हाइकाला सांगतो, "जिन्यात दोन बायका भेटतात बघा. एक उतरते, एक चढते. उतरणारी जाता जाता चढणारीला बातमी देऊन जाते. तशी जाणारी हवा येणारीला आपला गारवा देऊन जाते." इंजिनियरसाहेबांनी हे एकदा ऐकलं. तेव्हापासून तेही जिनाच सांगतात.

आता माझा स्वार्थ सांगतो. माझी बायको यमुना. दर पावसाळ्यात तिला धाप लागते. आमची एकच खोली. मागे गटार, म्हणून खिडकी बंद. स्वयंपाक आत, कपडे आत, भिंत कमरेपर्यंत काळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंत सुकवा, नाहीतर पावसाळाभर यांना कोरड्या गावी ठेवा. साक्रीला तिचा भाचा आहे. यमुना म्हणाली, "तठे मनं कोण शे? मी आठेच बरी." आमच्या अहिराणीत आठे म्हणजे इथं, तठे म्हणजे तिथं, शे म्हणजे आहे. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांना सोडून राहिलेलो नाही, तेव्हा साक्रीचा विषय तिथंच मिटला.

सेठना सांगितलं. ते म्हणाले, "काका, नवं तर नाही देऊ शकत. पण गिऱ्हाइकानं परत केलेलं पहिलं मशीन तुमचं. जबान दिली."

पुढच्याच रविवारी मी घरच्या भिंतीला दोन भोकं पाडली, त्यात चिंध्या कोंबल्या आणि वाट बघत बसलो.

*

पहिला फोन अडाजणहून आला. बँकेतून रिटायर झालेले साहेब. "मशीन काढून न्या, आजच."

विलास रिक्षातच म्हणाला, "काका, भाभींना सांगा, साक्रीला जायला नको. मशीन आलंच समजा."

वर गेलो तर साहेबांनी ताज्या हवेच्या जाळीत पायमोजे कोंबले होते. म्हणाले, "मी पैसे देऊन हवा गार करतो आणि तुम्ही मला रस्त्यावरची गरम हवा आणून देता?"

मला गप्प बसता आलं असतं. पण चुकीचं काही कानावर पडलं की माझी जीभ हलते, मी तरी काय करू? मी जिना सांगितला. उतरणारी, चढणारी, बातमी, गारवा. साहेबांनी पायमोजे काढले आणि जाळीखाली हात धरला. हवा गार होती. बराच वेळ हात धरून उभे राहिले, मग बायकोला हाक मारून तिचाही हात धरायला लावला.

"राहू द्या मशीन," ते म्हणाले.

विलास माझ्यापुढे धाडधाड पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर म्हणाला, "काका, जिना कशाला काढला?"

*

दुसरा फोन कतारगामचा. जयेशभाई घरीच टेबल मांडून बारीक हिरे निवडतात. फुंकर मारली तरी उडतील इतके बारीक. म्हणून त्यांच्या घरात पंखा कधी लागत नाही आणि खिडकी कधी उघडत नाही. तिजोरीमागची भिंत बुरशीनं मखमलीसारखी झाली होती, म्हणून त्यांनी मशीन घेतलेलं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं घर गुडघ्यांवर होतं. जयेशभाई, बायको, दोन भाऊ, हातात ब्रश आणि पुठ्ठे.

"एक हिरा गेला," जयेशभाई म्हणाले. "तुमच्या मशीननं ओढला. काढा ते."

विलासनं माझ्या पायावर पाय दिला. म्हणजे बोलू नका. मी बोललो नाही. फक्त शिळ्या हवेची जाळी उतरवली, पांढऱ्या कागदावर हळूच आपटली. कापूस पडला, डासांचे पंख पडले, आणि दोन हिरे पडले.

जयेशभाईंनी चिमट्यानं दोन्ही हिरे उचलले, उजेडात धरले, एक डबीत ठेवला. दुसरा गेल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं; त्याच्याकडे बघत राहिले. मग दोन्ही भावांकडे बघितलं. भाऊ फरशीकडे बघत होते.

"मशीन राहू दे काका," ते म्हणाले. "आणखी एक कधी बसवाल?"

*

तिसरा फोन आला तो सोसायटीच्या मीटिंगमधून. तिसऱ्या मजल्यावर निलाबेनकडे मशीन. त्याची शिळी हवा बाहेर पडायची आणि चौथ्या मजल्यावरच्या कोकिलाबेनच्या खिडकीत शिरायची.

कोकिलाबेन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांच्याकडे रोज काय शिजतं ते मला कळतं. रविवारी उंधियू होता. आम्हाला बोलावलं नाही."

खालच्या निलाबेन म्हणाल्या, "तुम्हाला कधीच नाही बोलावत. आतापर्यंत कळत नव्हतं एवढंच."

मशीन निघणार, हे नक्की. अध्यक्षांनी वहीत लिहायलाही घेतलं. कोकिलाबेन उठता उठता म्हणाल्या, "आणि हिंग जास्त झाला होता."

निलाबेन थांबल्या. "तेच तर. घरात एकालाही कळलं नाही. तुम्हाला इथून कळलं?"

"मेथी पण जळली होती."

मी म्हटलं, बाहेरच्या पाइपाला वाकडं तोंड लावून देतो, वास पलीकडे जाईल, मशीन काढायला नको. दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या की पाइपाला हात लावायचा नाही. आता निलाबेन फोडणी दिली की खिडकीतून मान बाहेर काढतात आणि वर विचारतात, "बराबर?"

*

चौथं मशीन एका बांनी बंद पाडलं. बा म्हणजे घरच्या म्हाताऱ्या आई. भिंतीवर बुरशी परत आली, मुलगा तापला, म्हणाला मशीन बोगस आहे, घेऊन जा. मी बांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "दुपारी मी बंद करते. दिवसभर श्वास घेतं बिचारं. जरा आडवं पडायला नको?"

या वेळी विलासनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. "काका, घरी भाभी खोकताहेत. इथं जिना नाही, पापड नाही, काही नाही. मी स्क्रू काढतो, तुम्ही पिशवी धरा."

मी पिशवी धरली. पण बा माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, "बा, तुम्ही दुपारी झोपता तेव्हा तुमचा श्वास बंद असतो का?"

बांनी विचार केला. चांगला खोल श्वास घेऊन बघितला. मग मुलाला म्हणाल्या, "चालू कर. परत बंद करायचं नाही."

महिन्यानं जाळी साफ करायला गेलो. मशीन रोज चालत होतं. फक्त एकादशीला बा त्याला हळूवर ठेवतात.

*

पाऊस लागला. आमच्या भिंतीवरची काळी रेघ एक वीत वर चढली. यमुनेला पीठ मळताना मध्येच थांबावं लागू लागलं. भाच्याचा फोन आला की शनिवारी दुपारच्या बसनं पाठवा. यमुनेनं बॅग भरली. दोन लुगडी, औषधाची पिशवी, माझा जुना स्वेटर. स्वेटर कशाला ते मी विचारलं नाही.

विलास मला बोलायचाही थांबला होता. गुरुवारी एवढंच म्हणाला, "चार घरं वाचवली तुम्ही काका. पाचवं तुमचं होतं."

शुक्रवारी रांदेरहून सविताबेनचा फोन आला. त्यांचे यजमान रमणभाई थंडीत गेले. त्यांच्या खोलीची भिंत ओलावली, म्हणून मुलानं परगावाहून पैसे पाठवून मशीन लावून दिलं होतं. लावून तीन आठवडे झाले होते. भिंत साफ, कोरडी. तरी सविताबेन म्हणाल्या, "काढून न्या."

मी सवयीनं जिना सुरू केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग विचारलं, "जाणारी हवा गारवा देऊन जाते ना काका?"

"हो बेन."

"आणि वास?"

"वास घेऊन जाते."

"हे साठ वर्षं तपकीर ओढायचे," त्या म्हणाल्या. "हे गेले, पण खोलीत वास होता. सकाळी दार उघडलं की वाटायचं, आत्ताच उठून बाहेर गेलेत. आता दार उघडते, तर कोणीच नाही. भिंत ओली झाली तर मी पुसेन."

मी पिशवी धरली, विलासनं स्क्रू काढले.

*

शनिवारी सकाळी विलासनं मशीन आमच्या खोलीत बसवलं. मी चिंध्या उपसल्या. यमुना खाटेवर बसली होती, बॅग पायाशी. बसला तीन तास होते. मला वाटलं, आता लावून काय उपयोग, एका दिवसात भिंत थोडीच सुकते. तरी बटण दाबलं.

मशीन घुमू लागलं. यमुनेला एक शिंक आली. तिनं नाक वर केलं.

"घरमां कोण शे?"

"कोणी नाही. मी आणि विलास."

"पुरुषमाणूस शे. तपकीर ओढस."

मीही वास घेतला. खरंच होता. विलास म्हणाला, ठोकळ्यात राहिला असेल, चार दिवसांत उडेल. मग मी तिला रमणभाईंचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, उठून उभी राहिली आणि डोक्यावरून पदर घेतला.

मग बॅग उघडून लुगडी परत मांडणीवर ठेवली. मी म्हटलं, बसची वेळ होतेय. ती म्हणाली, "घरात पाव्हणं माणूस आलंय. मी कशी जाऊ?"

त्या दिवसापासून मशीन चालू असलं की तिचा पदर डोक्यावर असतो, आणि मशीन कायम चालू असतं. मला रागावायचं असलं तर बाहेर गल्लीत नेऊन रागावते. महिनाभरात काळी रेघ सुकून पांढरी झाली. एके दिवशी बघतो तर यमुना न थांबता पीठ मळत होती. विलासचे चार दिवस केव्हाच होऊन गेले होते. तपकिरीचा वास होता तसाच होता.

जाळी धुवायची वेळ झाली. मी स्टुलावर चढलो, तर यमुनेनं माझा पाय धरला. "आधी त्यांची बायको येऊन जाऊ दे."

मी सविताबेनना फोन केला. काय सांगायचं ते जमवून ठेवलं होतं, पण अर्ध्यातच त्या म्हणाल्या, "पत्ता सांगा."

त्या रिक्षानं आल्या. आमच्या गल्लीत पांढऱ्या साडीला चिखल लागला, त्याकडे त्यांनी बघितलं नाही. दारात आल्या, एक पाऊल आत टाकलं आणि तिथंच थांबल्या. मग जाळीखाली खाटेवर जाऊन बसल्या. यमुनेनं चहा ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे फारसं बोलणं झालं नाही. दोन तास बसल्या. मी बाहेर ओट्यावर होतो.

ऊन उतरलं तशा सविताबेन उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या, जाळीकडे बघत उभ्या राहिल्या. पाय निघेना.

यमुनेनं पदर नीट केला. म्हणाली, "तुम्ही निवांत जा ताई. मी आठेच शे."