मार्गे कल्याण

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची, म्हणजे माझ्या तरुणपणची. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आता गुडघे गेले, समजूतही गेली. बरं चाललंय.

माझी थोरली बहीण, ताई, पुण्यात वारली. सगळा संसार पुण्यात करूनही मुठा तिला कधी नदी वाटलीच नाही. शेवटच्या दुखण्यात एकच धोशा लावला होता, "मला गंगेवर ने. तूच ने." आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी. म्हणून दहाव्याच्या आत तिच्या अस्थी रामकुंडावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या घरात एक पद्धत आहे. अस्थी नेताना त्या माणसाचंही तिकीट काढायचं, त्याला जागा ठेवायची, आणि गाडी निघाली, वळली, पुलावर चढली की हाक मारायची. नाहीतर माणूस मागे राहतं. मी या पद्धतीला मनातून हसायचे, पण मोडायची हिंमत नव्हती. हसणाऱ्यांची हिंमत तेवढीच असते. पुणे ते नाशिक रोड अशी दोन जनरल तिकिटं काढली. दोन्हींवर छापलं होतं, मार्गे कल्याण.

फलाटावर आले तर घाटात दरड कोसळलेली. कल्याणकडच्या गाड्या रद्द. ताईसारखी बाई असती तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन तिकिटाचं विचारून आली असती. ताई पाच मिनिटांसाठीसुद्धा प्लॅटफॉर्म तिकीट काढायची. नियमाबाहेरची एकच खोड होती तिला: गाडीत खिडकीबाहेर हात काढून बसायचं. आईचे धपाटे खाऊनही ती सुटली नाही. मी मात्र पडले हुशार. नाशिकला मनमाडवरूनही जाता येतं, एवढं भूगोलाचं ज्ञान होतं. समोर दौंडवरून मनमाडला जाणारी गाडी उभी होती. चढले.

अस्थींचं मडकं खिडकीशी ठेवलं, शेजारी मी बसले. गाडी हलली तेव्हा पदरात तोंड घालून पुटपुटले, "चल गं ताई." मडक्यात खट् असा बारीक आवाज झाला. गाडीचा हिसका, म्हटलं.

डब्यात ही गर्दी! लोक दारात लटकलेले, दोघं तर बाकांच्या मधे खाली बसलेले. पण ताईच्या जागेवर कुणी बसेना. 'कुणी आहे का इथं' असंही कुणी विचारेना. मडकं केवढं, तर तांब्याएवढं. बाकीची जागा मोकळी आणि माणसं एका पायावर उभी. दौंड आलं, हाक मारली, खट्. नगर आलं, हाक मारली, खट्. मला वाटलं, माझ्या तोंडावरच असा काही रुबाब आहे की लोक घाबरतात. सांगितलं ना, तरुण होते.

नगरच्या पुढे टीसी आला. दोन्ही तिकिटं उलटसुलट करून म्हणाला, "आजी, ही कल्याणमार्गे आहेत. ही गाडी दौंड-मनमाडमार्गे."

"दोन्हीकडून नाशिकच येतं ना?"

"येतं हो. पण ही वाट लांबची. रेल्वेनं तुमची गाडीच इकडून वळवली असती तर चाललं असतं. तुम्ही आपण होऊन दुसऱ्या गाडीत बसलात. तिकीट नुसतं गावाचं नसतं, वाटेचंही असतं. फरकाची पावती करतो. हे दुसरं कुणाचं?"

मडक्याकडे बोट दाखवून 'हिचं' म्हणायची लाज वाटली. चार लोकांत काय म्हणतील! म्हटलं, "बहिणीचं. बाथरूमला गेलीय."

त्यानं माझी एकटीची पावती केली. ताईचं तिकीट परत देत म्हणाला, "आल्या की पाठवा माझ्याकडे. आणि सांगा त्यांना, या तिकिटावर त्यांना इकडून येता येणार नाही."

मला हसू आलं. मोठ्यानंच हसले मी.

टीसी पुढच्या डब्यात गेला आणि मधे बसलेला एक माणूस उठला. "मावशी, मडकं जरा मांडीवर घेता का?" म्हणाला आणि ऐसपैस बसला. ताईच्या जागेवर. इतका वेळ ती जागा त्याला दिसलीच नव्हती, असा.

मडकं मांडीवर घेतलं. हलकं लागलं. पुढे पुणतांब्याजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर आली. पूल धडाडत होता, डबा गदगदा हलत होता. मी लाज सोडून म्हटलं, "ताई, गंगा बघ गं." काही नाही. जोरात हाक मारली. शेजारचा माणूस दचकला, पण मडकं गप्प. मग कान लावून हलवूनच पाहिलं. आत एवढी हाडं, आणि कापूस भरल्यासारखं निःशब्द.

मनमाडला गाडी बदलून नाशिकला आले. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून मडकं अंगणातल्या पेरूला टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना घेऊन रामकुंडावर जायचं ठरलं होतं. सकाळी मी पिशवी घेऊन तयार.

सून म्हणाली, "आई, गंगेवर जायला एवढी मोठी पिशवी?"

"कल्याणला जातेय. ताई तिकडे राहिलीय. नुसतं मडकं बुडवून काय करू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पेरूकडे. शिकलेली मुलगी; मला वाटलं, आता डॉक्टरांना फोन लावते. तिनं मोबाइल काढलाही. म्हणाली, "पुण्याकडचा घाट मोकळा झालाय. पण काल तर बंद होता, त्या कल्याणपर्यंत आल्या कशा असतील?"

"चालत. आता कुठं तिचे गुडघे दुखतायत?"

"थांबा मग, मी पण येते. तुम्ही एकट्या गेलात तर दोघींना शोधायला मला यावं लागेल."

गुरुजींना दुपारचं सांगून निघालो. कल्याणच्या फलाटावर भर सकाळी माणसांचा पूर. सुनेनं नाशिक रोडची तीन तिकिटं काढून आणली. मी मडकं छातीशी धरून, कुणाचीही लाज न बाळगता, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत चालले. "ताई! चल गं, तिकीट काढलंय तुझं!" लोक बाजूला होत होते. शेवटच्या बाकाशी, जिथं छप्पर संपतं तिथं, मडकं एकदम जड झालं. हात खाली ओढला गेला. आणि आत, खट्.

सुनेनंही ऐकलं. तिनं माझा दंड घट्ट धरला.

परतीच्या गाडीत खच्चून गर्दी, पण खिडकीची जागा मोकळी. लोक तिला वळसा घालून उभे. आम्ही दोघी शेजारी बसलो. मडकं मी मांडीवरच ठेवलं, तिची जागा तिला पूर्ण मिळावी म्हणून. कसाऱ्याच्या पुढे गाडी घाट चढू लागली आणि टीसी आला. कालचा नव्हे, दुसराच, चष्मेवाला. मी तिन्ही तिकिटं पुढे केली. या वेळी खरं काय ते सांगायचं, असं घोकून ठेवलं होतं.

त्यानं काही विचारलंच नाही. मी, सून, खिडकी, असं एकदा पाहिलं, तिकिटं परत दिली, निघाला. मग थबकून माझ्याकडे वाकला.

"आजी, त्यांना हात आत घ्यायला सांगा. पुढे बोगदा आहे."

सुनेची बोटं माझ्या दंडात रुतली. मी खिडकीकडे पाहिलं नाही. एवढी अक्कल तोवर आली होती.

"ताई," मी म्हटलं, "हात आत घे. आई रागावेल."

मांडीवर मडक्यात खट् झालं आणि गाडी बोगद्यात शिरली.